पहाटे चालणारं घर

ओडीलचं घर पहाटे चालतं, हे मला पहिल्यांदा तिनेच सांगितलं, आणि तेही नळ गळतोय म्हणून सांगावं अशा सुरात. आम्ही तिच्या दारापुढच्या पायऱ्यांवर उभ्या होतो. मार्च संपत आला होता. नदीवर धुकं होतं, इतकं की पलीकडचा कॅनडा दिसत नव्हता, आणि छतावरचा बर्फ वितळून पागोळ्या लागल्या होत्या.

"रोज पहाटे चालतं," ती म्हणाली. "निजायच्या खोलीकडून निघतं, स्वयंपाकघरापर्यंत जातं. मग थांबतं."

"परत येतं का?" मी विचारलं. मला वाटलं, चेष्टा चाललीय.

"परत येताना कधी कळलं नाही," असं म्हणून तिने कपातली उरलेली कॉफी बर्फावर ओतली आणि आत निघून गेली.

ओडील टेरिओ ऐंशी ओलांडलेली. गावातले लहानमोठे सगळे तिला तांत म्हणतात, म्हणजे मावशी. मीही म्हणते, जरी मी स्वतः आता सत्तरीला टेकले आहे आणि शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. तिच्या ट्रेलरच्या आणि माझ्या ट्रेलरच्या मध्ये एक स्प्रूसचं झाड आणि कपडे वाळत घालायची दोरी, एवढंच अंतर. आमची घरं कारखान्यात तयार होतात, ट्रकमागून चाकांवर येतात आणि एकदा सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसवली की जन्मभर जागची हलत नाहीत. तरी बाहेरगावचे लोक त्यांना फिरती घरं म्हणतात. मला त्याचा राग येतो. माझं घर आलं तेव्हा एकदाच काय ते फिरलं, त्यानंतर फिरायचं काम माझ्याकडे आहे.

म्हणून घर चालतं म्हटल्यावर मी हसून सोडून दिलं असतं. पण ओडील उगाच बोलणारी बाई नाही. तिचा नवरा क्लोव्हिस डिसेंबरात गेला तेव्हाही ती फार बोलली नव्हती. क्लोव्हिसने सगळं आयुष्य बटाट्याच्या कोठारांत काढलं. पहाटे उठायची सवय त्याला अशी जडली होती, की निवृत्त झाल्यावर काही काम नसतानाही तो उठून स्वयंपाकघरात बसायचा आणि खिडकीतून अंधाराकडे पाहत राहायचा. तो गेला तेव्हा जमीन गोठून दगडासारखी झालेली. आमच्याकडे हिवाळ्यात गेलेल्यांना वसंतापर्यंत थांबावं लागतं. चर्चमागच्या दगडी खोलीत पेटी ठेवतात, आणि मे महिन्यात जमीन मऊ झाली की दफन होतं. क्लोव्हिसही तिथेच थांबला होता.

घर चालतं हे ओडीलने मला सांगितलं, पोस्टातल्या बाईला सांगितलं, आणि टेलिफोनवरून मुलीलाही सांगून टाकलं. मुरिएल तिची एकुलती एक. पोर्टलंडला असते, म्हणजे गाडीने जवळजवळ दिवसभराच्या वाटेवर. तिने मला फोन केला.

"कोरीन, ममांचं काय चाललंय?"

"काय चालायचंय? ती बरी आहे. तिचं घर चालतंय."

"यात हसण्यासारखं काही नाही," ती म्हणाली. नव्हतंच. तिने आईला डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी तिला वार विचारला, घड्याळ काढायला लावलं, उलटे आकडे म्हणायला लावले, आणि ओडीलने सगळं बिनचूक केलं. मग त्यांनी विचारलं, आणखी काही सांगायचंय का. तर हिने त्यांनाही सांगितलं. आता मुरिएलने पोर्टलंडला म्हाताऱ्यांच्या एका निवासात खोली धरून ठेवली होती. मेमध्ये पापाचं दफन झालं, की त्याच फेरीत आईला घेऊन जायचं, असं तिने ठरवलं होतं.

ओडील गेली तर त्या दोरीच्या पलीकडे कोण राहणार, आणि मी सकाळी कोणाशी भांडणार? मी म्हटलं, "मुरिएल, बाईचं डोकं तपासून झालं. आता जरा घर तपासून बघ."

मुरिएलचं एक चांगलं आहे. ती चिडते, पण ऐकते. आमचे ट्रेलर ज्या जागेवर उभे आहेत त्या पार्कच्या मालकाला तिने कळवलं आणि त्याने एक पोरगेला माणूस पाठवला. पांढरेशुभ्र बूट घालून आला. त्याने नळ सोडून पाहिले, धुराची घंटी वाजवून पाहिली, खोल्यांलगतच्या आतल्या बोळात दोनदा उडी मारली आणि घराभोवती एक फेरी घातली. शेवटी छताकडे बोट दाखवून म्हणाला, "ते टायर काढायला हवेत. बरे दिसत नाहीत."

आमच्या जुन्या ट्रेलरांचं छत पत्र्याचं असतं. वारा आला की ते ढोल बडवल्यासारखं वाजतं, म्हणून आम्ही त्यावर जुने टायर टाकून ठेवतो. सगळ्यांच्याच छतावर असतात. मी त्याला म्हटलं, "अहो, घराखाली नाही का बघायचं?"

"खाली चिखल आहे," तो म्हणाला.

त्याने मुरिएलला कळवलं, की घर उत्तम आहे. झालं. घर उत्तम, म्हणजे बिघाड बाईत. मुरिएलने त्या निवासाला होकार कळवूनही टाकला. तपासणी न करता तो गेला असता तर एक वेळ परवडलं असतं, पण अर्धवट तपासून त्याने तिचा निकालच लावला.

मी तीन दिवस धुमसत होते. मग माझ्या चुलतभावाने वेंडल हॅस्किनचं नाव सांगितलं. जुने ट्रेलर विकत घेणारे लोक आधी त्याला बोलावतात. त्याच्याबद्दल एवढंच ऐकलं, की तो कपडे मळवून घेतो. मला तेवढं पुरे होतं. मी मुरिएलशी भांडून तिच्याकडून कबूल करून घेतलं, की हॅस्किन स्वतः घराखाली जाईल, आणि घर राहण्याजोगं आहे असं त्याने सही करून दिलं, आणि आईचं बोलणं खरं ठरलं, तर ती खोली सोडून देईल. दोन्ही गोष्टी व्हायला हव्यात, असं ती दोनदा म्हणाली.

ही आनंदाची बातमी घेऊन मी ओडीलकडे गेले, तर ती तव्यावर कुट्टूच्या पिठाचे घावन घालत होती. हे घावन एकाच बाजूने भाजायचे असतात आणि वरच्या अंगाला जाळी पडली की उतरवायचे. मी बोलत होते आणि ती जाळीकडे बघत होती.

"मला नाही तपासून घ्यायचं," ती म्हणाली.

"अगं तांत, का?"

"तपासलं की सापडेल."

"सापडायलाच हवं ना?"

"सापडलं की दुरुस्त करतील." तिने घावन ताटलीत काढला. "बस. आधी खा."

मी बसले. बाहेर धुकं खिडकीला टेकलं होतं आणि दिवस आहे की संध्याकाळ ते कळत नव्हतं. ती माझ्यासमोर बसली आणि हळू आवाजात सांगू लागली. तिचे डोळे अर्धे मिटलेले होते.

"आधी पलंगाच्या त्याच्या बाजूची जमीन दबते. अगदी थोडी, पण मला कळते. साठ वर्षं कळतेय. मग तो बोळात जातो. मुरिएलच्या खोलीशी जरा थांबतो. ती लहान असताना थांबायचा तसाच, आत श्वास ऐकायला. मग पुढे जातो. मग स्वयंपाकघरात आकड्यांना टांगलेले कप एकमेकांना लागतात. मी डोळे मिटून पडलेली असते. कप वाजले, की म्हणते, चला, हा पोचला. मग मी उठते."

मी विचारलं, "तुला खरंच वाटतं, तो असतो?"

"कोरीन, मी काही खुळी नाही," ती म्हणाली. "तो चर्चच्या मागे पेटीत आहे, मला माहीत आहे. पण अजून जमिनीखाली गेलेला नाही ना. मेपर्यंत तो वरच आहे. तोवर पहाटे उठला तर कुणाचं काय जातं?"

"हे मुरिएलला सांगितलंस?"

"घर चालतं एवढंच सांगितलं. तेवढ्यावरच ती मला उचलून न्यायला निघाली."

मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली, आणि एकाच वेळी दोन्ही आलं की मी कडक बोलते. मी म्हटलं, "मग ठरव बाई. घर तपासलं नाहीस, तर मेमध्ये तू पोर्टलंडला. तिथे लिफ्टने वरखाली जायचं आणि संध्याकाळी पाचला जेवायचं. तिथे कोण उठणार आहे पहाटे?"

तवा तापून धुरायला लागला तेव्हा तिने तो उतरवला. "येऊ दे त्याला," ती म्हणाली. "पण आधी त्याचे बूट बघून घे."

हॅस्किन शनिवारी आला, त्याच्या आदल्या रात्री मुरिएल. हॅस्किनचे बूट बघण्यासारखे होते, चिखलाने मूळ रंगच उरला नव्हता. पन्नाशीचा, अबोल, स्वतःशी गुणगुणणारा माणूस. त्याने एक लांबच लांब पारदर्शक नळी काढली, तिच्यात पाणी भरलं आणि ती निजायच्या खोलीपासून बोळातून थेट स्वयंपाकघरापर्यंत अंथरली. एक टोक मुरिएलच्या हातात दिलं, एक माझ्या. "हलवू नका," म्हणाला. नळीतलं पाणी हेलकावे खात राहिलं, मग हळूहळू स्थिर झालं. घर कसंही असो, पाणी आपलं सपाट उभं राहिलं, आणि माझ्या लक्षात आलं, की माझ्या टोकाला ते खिडकीच्या चौकटीच्या खाली आहे आणि पलीकडे निजायच्या खोलीत, मुरिएलच्या टोकाला, बरंच वर. त्या बाजूला घर कललं होतं. इतके महिने मी त्या घरात कॉफी पीत होते आणि मला पत्ता नव्हता.

आमच्याकडे दर एप्रिलात पुरुष जॅक घेऊन घरांखाली शिरतात आणि हिवाळ्याने वाकडी केलेली घरं पुन्हा सरळ करतात. त्याला आम्ही घर उचलणं म्हणतो. पार्कभर घरांखालून बुटांचे जोड बाहेर आलेले दिसतात आणि वर बायका फळ्यांवरची भांडी धरून उभ्या असतात. ओडीलचं घर क्लोव्हिस उचलायचा. यंदा उचलायला कोणी नव्हतं.

हॅस्किनने थंडी अडवायला घराच्या कडेने लावलेले गवताचे भारे बाजूला केले, जुन्या गालिच्याचा एक तुकडा अंथरला आणि त्यावर पालथा पडून आत सरकला. आम्ही तिघी स्वयंपाकघरात बसलो. त्याचं गुणगुणणं जमिनीखालून ऐकू येत होतं, कधी मुरिएलच्या खुर्चीखालून, कधी माझ्या. ओडील त्या आवाजामागे डोळे फिरवत होती. मग निजायच्या खोलीखालून तो ओरडला, "इथे एक जॅक आहे. ठोकळ्याच्या जागी लावलाय. कुणाचा?"

"क्लोव्हिसचा," ओडील म्हणाली.

"लाल आहे. हँडलला निळी पट्टी."

"तो माझा आहे," मी म्हटलं. "माझ्या ट्रकमधला. मी दोन वर्षं शोधतेय."

ओडील पहिल्यांदा हसली. "ठोकळा तडकला होता. तो म्हणाला, या हिवाळ्यापुरता लावतो, वसंतात नीट करतो. आणि कोरीनला सांगू नकोस."

आमच्या खोऱ्यात या हिवाळ्यापुरतं म्हणून जे केलेलं असतं, त्याच्यावर निम्मं गाव उभं आहे. माझ्या स्वतःच्या मागच्या पायऱ्या त्यातल्याच आहेत.

हॅस्किन बाहेर आला, हात पुसले आणि भट्टीपाशी गेला. गरम हवेची भट्टी बोळाच्या मधोमध कपाटात असते आणि तिची हवा जमिनीखालच्या पन्हाळीतून घरभर जाते. त्याने भट्टीचं घड्याळ पाहिलं. "हे पहाटेला लावलंय," तो म्हणाला. "इतक्या लवकर कोण उठतं?"

त्याने एकेकीकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. मग त्याने भट्टी बंद केली आणि दोन्ही दारं सताड उघडली. "घर गार होऊ द्या," म्हणाला. धुकं आत आलं. आम्ही कोट घालून टेबलाभोवती बसलो. कपाटांच्या कडांवर दव धरलं. छतावरचा बर्फ थेंब थेंब गळत होता आणि तो आवाज ऐकता ऐकता मला पेंग यायला लागली. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्याने दारं लावली आणि भट्टी चालू केली.

आधी फक्त हवेचा आवाज आला. मग काही वेळाने तिकडे, निजायच्या खोलीत, जमीन दबली. धप्प असा आवाज नव्हता. अंथरुणावरून कोणी पाय खाली टेकवावेत तसं काहीतरी. मग बोळात, अलीकडे. मग मधल्या, मुरिएलच्या जुन्या खोलीपाशी. तिथे ते थांबलं. मुरिएलने टेबलाची कड धरली होती. मग पुढे, थेट आमच्या पायांखाली आलं, आणि आकड्यांवरचे कप एकमेकांना लागले.

"ममां," मुरिएल म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम विरघळला. "ममां, तू खरं सांगत होतीस." ती रडत होती आणि हसत होती. मलाही उड्या माराव्याशा वाटल्या. जिंकलो होतो आम्ही.

मग मी ओडीलकडे पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती.

"बंद करा ते," ती हॅस्किनला म्हणाली. "ही त्याची वेळ नाही. भर दुपारी उठवू नका त्याला."

हॅस्किनने भट्टी बंद केली. मुरिएल रडायची थांबली. तिने आईकडे पाहिलं, मग बोळाकडे, आणि तिला सगळं कळलं. ते तिच्या तोंडावर दिसत होतं. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

बिघाड काय तो हॅस्किनने थोडक्यात सांगितला. घराच्या पोटाखालचं अस्तर निजायच्या खोलीपाशी फाटलं होतं. पहाटे भट्टी सुरू झाली, की गरम हवा तिथून लोखंडी तुळईवर येई. गोठलेल्या जमिनीने काही ठोकळे वर ढकलले होते, काहींच्या वर फट पडली होती. तुळई तापत जाई तसतसा घराचा भार जॅकवरून एका ठोकळ्यावर, मग पुढच्या, मग त्यापुढच्या ठोकळ्यावर सरकत जाई. "खालून बघितलं तर दिसतं," तो म्हणाला. "चालतंच आहे ते." मग तो जरा घुटमळला. "पण मी सही करू शकत नाही, बाई. जमीन मऊ होतेय. जॅक एका बाजूला तिरका झालाय. आठवडाभरात कधीही सटकेल आणि ती खोली खाली येईल. ठोकळे नवे घातले, अस्तर शिवलं, की करतो सही. मग घर जागचं हलणार नाही, हे मी सांगतो."

"मेपर्यंत थांबता येणार नाही?" ओडीलने विचारलं.

"नाही."

तिने मान हलवली. तिला घरात राहायचं होतं, आणि घरात राहायचं तर घराने चालायचं थांबायला हवं होतं. माझ्याइतकंच तिलाही ते कळत होतं. मुरिएल तिच्याशेजारी येऊन बसली होती आणि तिचा हात हातात धरून होती. "सोमवारी माणसं बोलावते," मुरिएल म्हणाली. "मी सोमवारपर्यंत राहते."

"सोमवारी सकाळी उशिरा येऊ देत," ओडील म्हणाली. "पहाटेनंतर."

हॅस्किन पुन्हा खाली गेला. आम्हाला वाटलं, सामान आणायला गेला. पण तो बराच वेळ लाकडाचे ओंडके आत ढकलत होता. बाहेर आल्यावर ओडीलकडे न बघता म्हणाला, "जॅकशेजारी ओंडके रचलेत. घराला टेकवले नाहीत, हलायला बोटभर जागा ठेवलीय. पडलं तर बोटभरच पडेल." आणि गाडीत बसून गुणगुणत निघून गेला. मी त्या माणसाबद्दल त्या दिवसापासून एक शब्द वाईट ऐकून घेतलेला नाही.

रविवारी रात्री मी तिथेच झोपले. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी माझी उशी घेऊन गेले आणि ओडीलने कोच दाखवला. ती तिच्या खोलीत, मुरिएल मधल्या खोलीत तिच्या लहानपणच्या पलंगावर, आणि मी स्वयंपाकघराजवळ कोचावर. भट्टी लागली तेव्हा मी जागी होते, की स्वप्नात होते, ते आजही सांगता यायचं नाही. खिडकीत राखाडी उजेड होता. नदीवरचा बर्फ फुटत होता आणि त्याचा लांबून कण्हल्यासारखा आवाज येत होता.

तो ओडीलच्या खोलीतून निघाला. मी तो असंच म्हणते, तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा. जमीन दबली आणि सुटली. बोळात आला. घाई नव्हती. मुरिएलच्या दाराशी थांबला. आणि तिथे, पातळ भिंतीपलीकडून मला मुरिएलचा आवाज आला. झोपेतला, जड, पण पंचावन्न वर्षांच्या बाईचा नव्हे.

"पापा," ती म्हणाली, "दार ओढून घे ना. थंडी येते."

त्याला हवा तेवढा वेळ तो तिथे थांबला. मग माझ्या जवळून गेला. कोच एका अंगाला जरासा झुकला आणि परत सरळ झाला, आणि कप वाजले. मी तोंडावर पांघरूण घेतलं. मला क्लोव्हिस कधी फारसा आवडला नव्हता. माझा जॅक नेला हे तर नंतर कळलं, त्याआधीपासून आवडत नव्हता. तरी मी पांघरुणात रडले.

थोड्या वेळाने ओडील उठून आली. तिने कॉफी ठेवली. मुरिएल आली, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. "मी झोपेत काही बोलले का?" तिने विचारलं.

"नाही," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

माणसं आली, दुपारपर्यंत काम झालं. नवे ठोकळे, खाली रुंद फरश्या, लाकडी पाचरी, पोटाखाली नवं अस्तर. माझा जॅक मला परत मिळाला. तो आता कुठेच बसत नाही, पण ठेवलाय. हॅस्किनने पुन्हा नळी अंथरली. या वेळी दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबलं. मधल्या खोलीचं दार कित्येक महिन्यांनी नीट लागलं. त्याने सही केली. मुरिएलने तिथेच उभं राहून पोर्टलंडला फोन केला आणि खोली सोडून दिली. निघताना तिने आईला इतकी घट्ट मिठी मारली, की ओडील म्हणाली, "सोड गं, घर दुरुस्त झालंय, मी नाही."

संध्याकाळी मुरिएल गेली. मी झोपायला गेले तेव्हा समाधानात होते. ओडील राहणार होती. दोरी, झाड, कॉफी, भांडणं, सगळं होतं तिथेच राहणार होतं.

मंगळवारी अगदी सकाळी माझ्या दारावर टकटक झाली. उघडून पाहते, तर ओडील. झोपायच्या कपड्यांवर क्लोव्हिसचा कोट, पायांत रबरी बूट. धुकं स्प्रूसच्या झाडाला लागून उभं होतं आणि तिच्या केसांवर दव होतं. इतक्या वर्षांत ती इतक्या सकाळी कधी माझ्या दारी आली नव्हती.

"काय झालं, तांत? घरात काही बिघडलं का?"

"काही नाही. घर ठीक आहे. एकदम गप्प आहे."

मी तिला आत घेतलं, खुर्चीत बसवलं, तिचे बूट काढले. पाय गार पडले होते. मी ते माझ्या मांडीवर घेऊन चोळायला लागले. तिने चोळू दिले. ती खिडकीतून तिच्या घराकडे पाहत होती. ते चारी बाजूंनी सरळ, नीट उभं होतं.

"मी डोळे मिटून पडले होते," ती म्हणाली. "म्हटलं, तो पुढे जाईल, मग मी उठेन."

"मग?"

"मग उजाडलं," ती म्हणाली.